छायाचित्रकाराची मुशाफिरी
(वारणानगर येथील स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



बोलावणे येईल तिकडे कॅमेरा घेऊन जाणे, हा छायाचित्रकाराचा धर्मच होय. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मूळचे छायाचित्रकार. 1899 साली त्यांनी हँगिंग गार्डनमधील कुस्ती चलच्चित्रात टिपली. माकडांना शिकविणारा मदारीही टिपला. सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1901 साली मायदेशी परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागत आणि पुढे 1903 चा दिल्ली दरबारही त्यांनी चित्रित केला. मल्ल, मदारी, विद्वान आणि व्हाइसरॉय या सर्वांना एकाच भिंगाने सारखा न्याय दिला! परंतु त्या फिती आज पाहावयास मिळत नाहीत.

वारणाकाठच्या माळावर तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराच्या बळावर हे नगर उभे केले. त्या आरंभीच्या दिवसांची छायाचित्रे आपल्याही घरच्या पेट्यांत असतील. त्यांतील माणसे ओळखणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवर प्रत्येक चित्रामागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहून ठेवावे. चित्र टिकले पण नाव हरपले, तर सख्खे आजोबाही नातवंडांना परके होतात. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.