विद्यापीठांतील अडगळ आणि आपली जबाबदारी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विद्यापीठांत व महाविद्यालयांत नोकरी करणाऱ्या धर्मग्रामस्थांपुढें केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामांतील बरींच माणसें विद्यापीठांच्या कचेऱ्यांत, प्रयोगशाळांत आणि ग्रंथालयांत चाकरी करितात. त्यांच्याशीं त्यांच्याच कामाविषयीं चार शब्द बोलावे, असें आम्हांस वाटलें. विषय थोर नाहीं. जिन्याखालीं पडलेल्या खुर्च्याकपाटांचा आहे.

कोणत्याहि मोठ्या विद्यापीठाच्या आवारांत फिरून पाहावें. एका विभागाच्या व्हरांड्यांत लोखंडी कपाटें पावसाच्या झडीनें गंजत असतात, आणि त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर नव्या कपाटांचें मागणीपत्र तयार होत असतें. ह्यास लोक आळस म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. खरें कारण भीति आहे. जडवस्तु-संग्रहाच्या नोंदवहींत कपाट ज्या विभागाच्या नांवावर असतें, तेथील कारकून तें दुसऱ्यास देण्यास धजत नाहीं; कारण उद्यां लेखापरीक्षकानें विचारलें, तर सही त्याची असते. कपाट गंजून गेलें तर कोणी जाब विचारीत नाहीं. दिलें तर मात्र विचारतात. मग तो बिचारा खोलीस कुलूप लावितो आणि किल्ली खिळ्यास अडकवितो.

दुसरें कारण मार्चअखेर. अनुदान परत जाईल ह्या धास्तीनें जी खरेदी होते, तिच्यांत गरज किती आणि घाई किती, हें तुम्ही आमच्याहून अधिक जाणतां. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षअखेरीस खर्चाची झुंबड उडविणें हा आर्थिक औचित्याचा भंग मानिला आहे. त्याच नियमांत जादा किंवा निरुपयोगी झालेली वस्तु, कारणें लिहून, तशी जाहीर करण्याची वाटहि ठेविली आहे. राज्याच्या विद्यापीठांचे नियम निराळे असले, तरी निर्लेखनाची पद्धत तेथेंहि आहेच. म्हणजे दार बंद नाहीं. कडी काढावी लागते, इतकेंच.

ती केव्हां काढावी, ह्यावर सर्व अवलंबून आहे. वस्तु मोडल्यावर निर्लेखन केलें, तर तिचें मोल भंगारवाल्याच्या काट्यावर होतें. ती चांगली असतांनाच 'आमच्याकडे जादा आहे' असें पत्र सर्व विभागांत फिरविलें, तर तिची नोंद एका वहींतून दुसरींत जाईल, देणारा व घेणारा दोघांच्याहि सह्या होतील, आणि कोणाच्याहि गळ्याशीं कांहीं येणार नाहीं. अमेरिकेंतील मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठानें ह्या कामासाठीं स्वतंत्र खातें ठेविलें आहे. जादा सामान तेथें जमा होतें व सामान्य जनांसहि विकलें जातें. आपल्याकडे आरंभास तेवढा पसारा नको. भांडारपालाची एक यादी, आणि नवें मागणीपत्र लिहिण्यापूर्वीं ती वाचण्याची संवय, एवढें पुरे.

संगणकांचें प्रकरण अधिक निकडीचें आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज १०' चा सर्वसाधारण आधार थांबविला, आणि जीं यंत्रें 'विंडोज ११' पेलूं शकत नाहींत, तीं सरसकट बाद करण्याचा मोह होतो. त्यांपैकीं पुष्कळांवर 'लिनक्स' घालून पत्रें लिहिणें, ग्रंथसूची पाहणें हीं कामें आणखी कांहीं वर्षें सहज होतील. यंत्र दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं हार्ड डिस्कवरील विद्यार्थ्यांची माहिती कायमची पुसावी, हें मात्र विसरूं नये. जें खरोखर निकामी झालें, तें रस्त्यावरील भंगारवाल्यास देऊं नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें मोठ्या संस्थांनीं तें नोंदणी झालेल्या व्यावसायिकाकडेच सोंपविलें पाहिजे.

पाठकोऱ्या कागदांविषयीं आम्ही बोलत नाहीं. तें शिक्षण आपणां सर्वांस घरींच मिळालें आहे. (उत्तरपत्रिका त्यांत येत नाहींत, एवढें कोणी नव्यानें लागलेला असेल तर त्यानें ध्यानांत ठेवावें.)

एक गोष्ट स्पष्ट सांगणें भाग आहे. कोणी प्रेमानें येऊन म्हणतो, "फादर, आमच्या कचेरींत बाकें पडूनच आहेत, धर्मशिक्षणाच्या वर्गासाठीं टेम्पोंत घालून आणूं का?" त्यास आम्ही नाहीं म्हणतों. पडून असलीं तरी बाकें विद्यापीठाचीं आहेत. लिलाव होईल तेव्हां धर्मग्राम बोली लावील, किंवा रीतसर दिलीं तर पावती देऊन घेईल. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रांत पुनर्वापराचें मोल सांगतांना हेतूच्या शुद्धतेचीहि आठवण दिली आहे.

ज्यांच्या ताब्यांत भांडार किंवा नोंदवही आहे, त्यांनीं सभा संपल्यावर थोडा वेळ थांबावें. विभागांत फिरविण्याच्या पत्राचा मसुदा आपण आजच बसून करूं. म्हणजे येत्या मार्चपूर्वीं तें साहेबांच्या सहीस ठेवितां येईल.