‘जतन करा’ दाबल्यावर काय होतं?

(सांगोला येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सकाळपासून तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी एकच तक्रार सांगितली. “ताई, पान लिहून होतं, पण ‘जतन करा’ दाबलं की चक्र फिरतच राहतं.” आणि लगेच पुढे, “आम्हांलाच जमत नसेल.” सांगोल्यात पाऊस पडला नाही तर बाईला शेती जमत नाही असं आपण म्हणत नाही. मग चक्र फिरत राहिलं की दोष आपल्या माथी का घ्यायचा?

आमच्या गटाचं संकेतस्थळ ‘वर्डप्रेस’वर आहे. ही प्रणाली २००३ पासून विनामूल्य मिळते, मराठीतही वापरता येते. त्यावर आम्ही बैठकींचे अहवाल टाकतो. एक पान जतन व्हायला दीड-दीड मिनिट लागायला लागलं. कधी मध्येच सगळं बंद पडायचं आणि लिहिलेलं जायचं. पगारी माणूस म्हणायचा, “मॅडम, तुमच्याकडे रेंज नाही.” आम्ही मान डोलवायचो.

शेवटी आम्ही दोघींनी ठरवलं, आपणच बघू. आधी समजून घेतलं की बटण दाबल्यावर होतं काय. आपला मजकूर दूरच्या सर्व्हरवर जातो. तिथे तो डेटाबेसमध्ये, म्हणजे मोठ्या नोंदवहीत, लिहिला जातो. मग जोडलेली प्लगिनं आपापली कामं करतात. एक ईमेल पाठवतं, एक शोधयंत्राला कळवतं, एक साठवलेली जुनी पानं पुसतं. ही कामं बहुधा एकामागून एक होतात. रेशनच्या दुकानात पुढच्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही, तेव्हा मागची सगळी रांग खोळंबते, तसंच हे.

आता तपासायचं कसं? पहिलं, मजकूर आधी दुसरीकडे उतरवून ठेवा, आणि बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. दुसरं, तेच पान दुसऱ्या कंपनीच्या नेटवरून जतन करून बघा. तिथेही तेवढाच वेळ लागला तर रेंजचं कारण बहुधा खरं नाही. तिसरं, संगणकावर एफ-१२ दाबून ‘नेटवर्क’ हा भाग उघडा आणि मग जतन करा. मजकूर पाठवायला किती वेळ लागला आणि सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात किती गेला, हे तिथे वेगवेगळं दिसतं. आमचा जवळजवळ सगळा वेळ वाट बघण्यात जात होता.

मग पूर्ण संकेतस्थळाची प्रत काढून ठेवली आणि रात्री, वर्दळ नसताना, एकेक प्लगिन बंद करत गेलो. प्रत्येक वेळी जतन करून घड्याळ बघायचं. चौथं बंद केलं आणि पान तीन सेकंदांत जतन झालं. ते प्लगिन प्रत्येक वेळी सगळ्या सभासदांना ईमेल पाठवायला जायचं, आणि समोरचा मेल सर्व्हर उत्तरच देत नव्हता. रेंजचा काही संबंध नव्हता.

पण मला आज सांगायचंय ते यापुढचं. तपासता तपासता आम्ही ‘आवृत्त्या’ उघडल्या. मजकूर बदलून जतन केला की वर्डप्रेस आधीच्या प्रती ठेवून देतं, आणि आपण मर्यादा घातली नाही तर त्यांना गणतीच नसते. एका पानाच्या साठावर प्रती होत्या. ते पान बलात्काराच्या एका प्रकरणाचं होतं. छापायच्या आधी आम्ही त्या मुलीचं नाव काढलं होतं. पहिल्या सात प्रतींत ते तसंच होतं. गावासकट.

त्या प्रती बाहेरच्या वाचकाला दिसत नाहीत. पण संपादनाचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याला दिसतात. आमचा पासवर्ड चौघांकडे होता, त्यातले दोघे संघटनेचे नव्हते.

मथुरा प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, आणि १९८० मध्ये देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या. त्या आंदोलनानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला, त्यात कलम २२८-अ आलं. पीडितेची ओळख जाहीर करणं गुन्हा ठरलं. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. हा कायदा आपण पोलिसांना, पत्रकारांना ऐकवतो. आपली स्वतःची वही मात्र आम्ही कधी उघडून पाहिली नव्हती.

आम्ही त्या प्रती पुसल्या. संकेतस्थळाच्या जुन्या साठवणीही शोधून काढून टाकल्या. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या फाइलीत एक ओळ घालून प्रतींची मर्यादा पाचवर आणली. पासवर्ड बदलले. प्रती कमी केल्यामुळे वेग वाढला असं मी म्हणणार नाही, वेग त्या प्लगिनने अडवला होता. आणि खरा नियम याहून सोपा आहे: जे नाव छापायचं नाही, ते त्या चौकटीत पहिल्यापासूनच लिहायचं नाही. कच्चा मसुदा कागदावर करा.

जेवणानंतर दोघी-दोघींनी बसा. एकीने जतन करायचं, दुसरीने घड्याळ बघायचं. आणि मग दोघींनी मिळून आपल्या पानांच्या जुन्या आवृत्त्या उघडायच्या. काय सापडतं ते संध्याकाळी बोलू.