जात आपली, काटाही आपला



डुक्कर म्हटले की आपल्याकडे नाक मुरडतात. पण डेन्मार्कच्या शेतकऱ्यांचा हिशेब ऐका. १८८७ साली जर्मनीने त्यांची जिवंत डुकरे घेणे बंद केले. त्याच वर्षी हॉर्सेन्सला शेतकऱ्यांनी आपला सहकारी कत्तलखाना उभा केला. १९०७ पासून चाचणी केंद्रे निघाली. एका वेतातली चार पिले केंद्रात आणायची, सगळ्यांना सारखेच खाद्य, तेही तोलून. किलोभर वजन वाढायला ज्यांच्या पिलांना कमी खाद्य लागले, त्याच आईबापांची पैदास पुढे वाढवायची.

डुक्करपालनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचा. वाढीच्या किलोमागे पाव किलो खाद्य वाचले, तर २० किलोचे पिलू १०० किलोचे होईपर्यंत २० किलो धान्य वाचते. हे एका पिढीत होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवावी लागते.

ती बचत शेतकऱ्याच्या पदरात पडली, कारण जात, काटा आणि कत्तलखाना त्याचाच होता. आपल्या कापसाचे बियाणे दुसऱ्याचे, काटाही दुसऱ्याचा. तिथे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून आम्ही म्हणतो, शेळी असो की कोंबडी, तोलून घाला आणि वहीत लिहा. वही आपली असेल, तरच भाव मागताना तोंड उघडता येईल.