‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

शाळा नुकत्याच भरू लागल्यात, वह्यापुस्तकांना कव्हरं घालून झाली असतील. आज मी बोलणार आहे ते एका पुस्तकातल्या एका पानाबद्दल. शिक्षकमंडळींनी जरा कान देऊन ऐकावं.

महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालची, हे आपल्या पोरांना पाठ असतं. पण ती अर्पण कोणाला केलीय? अमेरिकेतल्या लोकांना! काळ्या माणसांना दास्यातून सोडवताना त्यांनी स्वतः झीज सोसली, म्हणून त्यांच्या सन्मानार्थ. माझे देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवतील आणि आपल्या शूद्र भावांना ब्राह्मणी दास्यातून मोकळं करतील, अशी आशाही जोतिरावांनी तिथंच बोलून दाखवलीय.

काळ बघा. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. तरी टेक्सासच्या मळेवाल्यांनी माणसं राबवणं सोडलं नाही. अडीच वर्षांनी, १९ जून १८६५ ला, तिथल्या गॅल्व्हेस्टन बंदरात केंद्र सरकारची फौज उतरली तेव्हा कुठं तिथं मुक्तीचा हुकूम जाहीर झाला. डिसेंबरात गुलामी संपवणारी घटनादुरुस्ती झाली. त्यानंतर आठच वर्षांनी पुण्यातला एक माणूस त्याची आठवण ठेवून आपलं पुस्तक त्या लोकांच्या हाती देतो. १९ जूनला अमेरिकेनं राष्ट्रीय सुट्टी दिली ती २०२१ मध्ये!

आपल्याकडं लग्नात आहेराची वही असते. कोणाचं काय आलं, आपण कोणाला काय दिलं, सगळं टिपलेलं. घरातली म्हातारी तर वही न उघडता सांगते, अमक्याच्या थोरलीला आपण लुगडं नेसवलं होतं. मग जोतिरावांनी एवढा आहेर सातासमुद्रापार धाडला, त्याची नोंद त्यांच्याच मुलखात नसावी? फुल्यांचं मूळ गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळ्याकडचं नायगाव. ही वही साताऱ्यानं नाही सांभाळायची तर कोणी?

आणि आहेराची देवघेव पुढंही चालली. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत ज्यांचं नाव घातलं गेलं, त्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहिलं. तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागितली; अस्पृश्यांसाठीही तसं करावं, हा विचार मनात होता. दु बॉईस यांनी आपुलकीनं उत्तर दिलं.

आफ्रिकेतून माणसं जहाजांत कोंबून नेली, कापसाच्या मळ्यांत राबवली, हे शिकवाच. पण ते तिकडचं पाप म्हणून हात झटकू नका. आपल्याकडं पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री होत होती, तिच्या नोंदी दप्तरात आहेत.

शेवटी पुन्हा त्या पानाकडंच येतो, कारण तेच निसटून जातं. सनावळी पाठ करून घेता, अर्पणपत्रिकेचं पान मात्र तसंच उलटता. असं करू नका, गुरुजी. फुल्यांचं समग्र वाङ्मय शासनानं छापलंय, तेव्हा पुस्तक मिळत नाही ही सबब नको. येत्या १९ जूनला परिपाठाच्या वेळी ते एक पान मुलांना वाचून दाखवा.