घुंगरू लपवायला लावू नका



आज आपल्या नृत्यशाळेच्या कार्यक्रमात पुष्पांजलीपासून तिल्लान्यापर्यंत तासभर या मंचावर मुली नाचल्या. घामाने त्यांचे गजरे ओले झाले. शेवटच्या नृत्यात एक मुलगा आला, कृष्ण होऊन मधोमध उभा राहिला, बासरी ओठांना लावली, चार पावलं टाकली, आणि आजच्या कार्यक्रमातल्या सर्वांत मोठ्या टाळ्या त्याला पडल्या. त्या मुलाचा यात काहीही दोष नाही. पण मला आज भांडायचं आहे ते याच टाळ्यांशी. आपल्या तालुक्यात नाच शिकणारा मुलगा इतका दुर्मीळ का झाला, की तो नुसता उभा राहिला तरी आपण भारावून जातो?

कोकणातल्या पुरुषाला नाचाचं वावडं आहे म्हणावं, तर ते धादांत खोटं आहे. गणपतीत जाखडीला पोरं पायात चाळ बांधून रात्र रात्र गोल फिरतात. शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या पहाटेपर्यंत चालतात. नमनात संकासूर नाचतो, गवळण नाचते, आणि ती गवळण म्हणजे आपल्याच वाडीतला कोणीतरी मिशी काढलेला तरुण असतो. सिंधुदुर्गात दशावतारात राजा पुरुष आणि राणीही पुरुषच. शिमग्यात देवाला रूपं लागतात, पालखी सहाणेवर येते, तेव्हा साठीचा माणूससुद्धा धोतर खोचून खांदा देतो आणि पालखी नाचवतो. त्याचे पाय एकदा जवळून पाहा. गुडघे दुमडलेले, कंबर खाली गेलेली, पाठ ताठ. ढोलाच्या ठोक्यावर अंगाचा भार या पायावरून त्या पायावर जातो, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला ते न बोलता कळतं. हेच दुमडलेले गुडघे, हीच ताठ पाठ आम्ही भरतनाट्यमच्या वर्गात अर्धमंडल म्हणून शिकवतो. पहिलं वर्षभर मुलींच्या मांड्या भरून येतात त्याने. पालखीखालचा माणूस ते लहानपणी बघून बघून शिकलेला असतो.

तेव्हा पुरुषांनी नाचावं याला आपली हरकत नाही. देवापुढे नाचा, वरातीत नाचा, विसर्जनाला नाचा, निवडणूक जिंकल्यावर गुलाल उधळून नाचा. हरकत कुठे सुरू होते? मुलगा म्हणाला, ‘मला हे नीट शिकायचंय, रोज शिकायचंय, गुरूकडे बसून शिकायचंय,’ तिथे. वर्षातून चार दिवस नाचणारा तो रंगेल गडी आणि रोज रियाज करणारा तो नाच्या. हा न्याय कुठला?

‘नाच्या’ ही शिवी आपण फार सहज देतो. तिच्यात काय काय भरलंय ते बघा. तमाशाच्या फडावर उभं राहून ज्यांनी तुमची-आमची करमणूक केली, त्यांच्या जातीबद्दलची घृणा त्यात आहे. बाईसारखं दिसणं म्हणजे खाली उतरणं, ही समजूत त्यात आहे. जो पुरुष पुरुषाच्या ठरलेल्या साच्यात बसत नाही, त्याला चारचौघांत ठेचायची मुभा त्यात आहे. आनंद यादवांची ‘नटरंग’ कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल, आणि २०१० साली आलेला रवी जाधवांचा चित्रपट तर सगळ्यांनीच पाहिला. भरदार अंगाचा गुणा तमाशाच्या वेडापायी फड उभा करतो. फडाला नाच्या लागतो, कोणी तयार होत नाही, म्हणून तो स्वतः नाच्या होतो. मग घर तुटतं, गाव हसतं, त्याची विटंबना होते. थिएटरात आपण रडलो. बाहेर आल्यावर ती शिवी टाकून दिली का? गणपत पाटलांनी मराठी पडद्यावर कितीतरी वर्षं नाच्या रंगवला, आणि पडद्याबाहेरही लोकांनी त्यांना त्या भूमिकेतून सुटू दिलं नाही. एका नटाचं हे होतं, तर सातवीतल्या पोराचं वर्गात काय होत असेल?

काय होतं ते मी पाहिलंय. माझ्याकडे येणारा एक मुलगा घुंगरू टॉवेलात गुंडाळायचा आणि क्रिकेटच्या किटबॅगेत पॅडच्या खाली दाबून ठेवायचा. रेक्झिनच्या पट्ट्यावर शिवलेले तीन ओळींचे घुंगरू, चालताना वाजणारच. ते वाजू नयेत म्हणून तो बाजारपेठेतून चालताना बॅग हलू द्यायचा नाही, दोन्ही हातांनी छातीशी धरायचा. वर्गात आल्यावर आधी खिडकीचं दार लोटायचा, मग पट्टे बांधायचा. तेरा वर्षांच्या मुलाने एवढी चोरी कसली करावी? त्याने काय पळवलं होतं कोणाचं? दोन अडवू, म्हणजे मूळचे पदन्यास, चांगले यायला लागले की त्याचा चेहरा उजळायचा. नववीत गेल्यावर तो यायचा थांबला. क्लासची वेळ जमत नाही, असं घरून कळवलं. पण त्याच वेळेला क्रिकेटचं नेट जमत होतं.

आता मुलग्यांची बाजू घेणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, आणि ते जास्त कडक आहे. ही मंडळी पालकांना समजावतात, ‘अहो, घाबरू नका, नाच हा पुरुषीच आहे. शंकराचं तांडव आठवा. शरीर कमावलं जातं, दम वाढतो, व्यायामशाळेची गरज राहत नाही.’ दम वाढतो हे खरं आहे. पण पालकांची भीती गोंजारून मुलगा वर्गात आणायचा, याला माझा ठाम विरोध आहे. कारण या समजावणीने शिवी मान्य केली. बायकी होणं वाईट, हे कबूल केलं आणि नाचाने तसं होत नाही, एवढंच सांगितलं. मी असली हमी कोणत्याही बापाला देणार नाही. तुमचा मुलगा माझ्याकडे आला, तर तो तांडव शिकेल आणि लास्यही शिकेल. तो रावण करेल आणि वाट बघत बसलेली नायिकाही करेल.

ओडिसीच्या केलुचरण महापात्रांनी लहानपणी मुलीच्या वेषात गोटीपुआ म्हणून नाचायला सुरुवात केली आणि म्हातारपणी, टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं असताना, ‘गीतगोविंदा’तली राधा उभी केली. प्रेक्षकांना टक्कल दिसेनासं व्हायचं. कथकचे बिरजू महाराज बसल्या जागी नुसत्या डोळ्यांनी आणि मनगटाने नायिका दाखवायचे. कुचिपुडीत वेदांतम सत्यनारायण शर्मांची सत्यभामा बघायला लोक लांबून यायचे. बाईचं मन आपल्या अंगावर घेऊन बघायची ही ताकद आपल्या मुलग्यांना मिळाली, तर त्यात कोणाचं काय बिघडतं? उलट मी म्हणते, ही विद्या प्रत्येक मुलग्याला सक्तीची करावी. आणि एखादा मुलगा मुळातच हळवा असेल, त्याची चाल, त्याचा आवाज इतरांसारखा नसेल, तर त्याला या गावात निदान एक खोली अशी हवी, जिथे त्याला कोणी हसणार नाही. ती खोली आपली असली पाहिजे.

‘नाचून पोट भरतं का?’ हा दुसरा प्रश्न. हा प्रश्न मला मुलाच्या बापाने नेहमी विचारला, मुलीच्या बापाने क्वचितच. विचार करा, असं का? मुलीने पोट भरायचंच नाही, ती लग्न होईपर्यंत छंद करेल, असं तुम्ही मनात धरलेलं असतं. म्हणून तिला परवानगी. मुलग्याला मनाई करणारं आणि मुलीला परवानगी देणारं मन एकच आहे, आणि ते दोघांचाही सारखाच अपमान करतं. माझ्या या मुली छंद म्हणून नाचत नाहीत. विशारदच्या परीक्षेला बसतात तेव्हा त्यांचं ज्ञान कसाला लागतं. ज्यांना हे उदरनिर्वाहाचं साधन करायचं आहे, त्या मुली असोत की मुलगे, त्यांची वाट खडतर आहे, आणि ती खडतर आहे हे मी दोघांच्याही पालकांना सारख्याच शब्दांत सांगते.

वाट मात्र आहे, आणि ती याच किनाऱ्यावरून गेलेली आहे. आचार्य पार्वतीकुमार हे नाव इथे किती जणांनी ऐकलंय? मालवणात जन्मलेला माणूस. मुंबईत त्यांनी भरतनाट्यम आत्मसात केलं, आणि मग असं काम केलं की दक्षिणेतल्या जाणकारांनाही दखल घ्यावी लागली. तंजावरच्या भोसल्यांच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे होते. त्यांच्या दरबारात चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांना आश्रय होता. आज आपल्या मुलींनी जो क्रम सादर केला, त्याची घडी या चौघांनी बसवली. त्याच सरफोजींच्या नावावर भरतनाट्यमसाठी केलेल्या मराठी रचना आहेत. हो, मराठी. त्या पोथ्यांत पडून होत्या. पार्वतीकुमारांनी त्यांवर मेहनत घेऊन त्या पुन्हा नाचात आणल्या. त्यांच्याकडे शिकलेल्या सुचेता भिडे-चापेकरांनी पुण्यातून ही परंपरा किती पुढे नेली, ते आपल्या शिक्षिका जाणतात. आता मला सांगा, मालवणातल्या त्या पोराला घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी नाच्या म्हणून कायमचं गप्प केलं असतं, तर मराठीतला हा ठेवा कोणी उघडला असता? आणि ‘भरतनाट्यम आपलं नव्हे’ असं म्हणणाऱ्यांनाही यातच उत्तर आहे.

सिनेमाचं उदाहरण हवं असेल तर तेही मराठी माणसाचं देते. १९५५ साली व्ही. शांतारामांनी ‘झनक झनक पायल बाजे’ काढला. नायक कोण? कथक नाचणारा तरुण. नायकाचं काम कोणी केलं? गोपीकृष्णांनी, जे मुळात नर्तक होते. चित्रपट देशभर तुफान चालला. हल्लीची पोरं प्रभुदेवाची नक्कल करतात, तोही भरतनाट्यम शिकलेला आहे. पाश्चात्त्य नाचाच्या वर्गांना मुलगे जातात, याचा मला आनंदच आहे. त्यांना मी तुच्छ लेखत नाही.

आता आपल्या घरात येते, कारण बाहेरच्यांना बोलणं सोपं असतं. आपल्या शाळेच्या पत्रकावर अजून ‘मुली व महिलांसाठी नृत्यवर्ग’ असं छापतात. मुलगे येत नाहीत म्हणून तसं छापायचं, आणि तसं छापलंय म्हणून ते येत नाहीत. कपडे बदलायला मुलग्यांना जागा नाही. तो मघाचा कृष्ण जिन्याखाली पीतांबर नेसला. मुलगा आला की आपण त्याला कृष्ण करतो, राम करतो, वर्षभर मेहनत केलेल्या मुलींच्या पुढे उभा करतो. कोणी म्हणतं, मुलग्यांना फी माफ करा. अजिबात करू नये. फी घरची परिस्थिती बघून कमी करावी, लिंग बघून नव्हे. रिक्षावाल्याच्या मुलीने पूर्ण फी भरायची आणि डॉक्टरच्या मुलाला माफी, ही कुठली समता?

हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण इतिहास मला ठाऊक आहे. कथकच्या घराण्यांची वंशावळ पाहा, सगळी पुरुषांची नावं. ज्या गणिकांनी ठुमरी आणि अदा जपली, त्यांची नावं कितीकांना सांगता येतील? केरळ कलामंडलमची स्थापना १९३० ची, आणि तिथे कथकली शिकायला मुलींना दार उघडलं २०२१ साली. नव्वद वर्षं मुली उंबऱ्याबाहेर होत्या. म्हणून आज आपण मुलग्यांना आत बोलावताना त्यांना ओळीत शेवटी उभं करायचं. ज्याचं अर्धमंडल पक्कं होईल, तो पुढे येईल. पहिली दोन वर्षं कृष्ण मुलीच करतील आणि मुलगे गोपी होतील. ज्या मुलाला हे चालेल, तो टिकेल.

दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून हल्ली काही मुलगे येतात. येऊ द्या. पण परीक्षेचं प्रमाणपत्र हातात पडताच ते जातात, याची जबाबदारी आपल्यावर आहे. आठवी-नववीत आवाज फुटतो, हातपाय एकदम लांब होतात, काल जमणारी मुद्रा आज जमत नाही, आरशात स्वतःकडे बघवत नाही. या काळात मुलाला सांभाळून घेणारा कोणी मोठा पुरुष वर्गात नसतो. मुलींना त्यांच्या ताई असतात. शाळेने एक पुरुष शिक्षक नेमावा, नाहीतर निदान महिन्यातून एकदा एखादा जाणता नर्तक रत्नागिरीहून, कोल्हापूरहून, पुण्याहून बोलवावा. आणि इथल्या जाखडीच्या बुवांना, नमनाच्या मृदंगवाल्यांना वर्गात मानधन देऊन आणावं. त्यांचे पाय बघून आमच्या मुलींनाही चार गोष्टी कळतील.

जूनचे प्रवेश तोंडावर आले आहेत. पत्रक बदलणं, मुलग्यांसाठी खोली, परिस्थितीनुसार फी आणि पुरुष शिक्षक, हे चार विषय कार्यकारिणीने आजच इतिवृत्तात लिहून घ्यावेत, आणि कोणाचा विरोध असेल तर त्याने तो इथेच, उभं राहून सांगावा. बंद खोलीत सांगू नये.

आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या वडीलमंडळींना सांगते. तुमच्यापैकी काहींचा मुलगा घरी कोणी नसताना आरशासमोर नाचतो आणि कडी वाजली की थांबतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला सोमवारी संध्याकाळी साडेपाचला इथे घेऊन या. त्याच्या आईला पाठवू नका, आजीला पाठवू नका. बाजारपेठेतून, सगळ्यांच्या देखत, तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर चालत या, आणि घुंगरांची पिशवी तुमच्या हातात असू द्या.