खोगिराचा रंग आणि तंगाची वादी
(धंतोली, नागपूर येथे केलेले भाषण)



गावाकडचा माणूस नागपूरला येतो तो बर्डीला बाजारासाठी, नाहीतर धंतोलीला दवाखान्यासाठी. धंतोलीत पावलोपावली दवाखाने आहेत. अशाच एका दवाखान्याच्या पायरीवर आम्हाला एक घोडीवाला भेटला. लग्नात नवरदेवाला घोडीवर मिरवायचे, हा त्याचा धंदा. बिचारा डोक्याला हात लावून बसला होता.

आम्ही विचारले, "काय झालं, भाऊ?"

तो म्हणाला, "काय सांगू बाप्पा! खोगीर जुनं झालं होतं. म्या त्याला काळा रंग देल्ला. नव्यासारखं दिसे. पण वरातीत तंग तुटला अन् नवरदेव खाली आला. हात मोडला त्याचा."

तंग म्हणजे घोडीच्या पोटाखालून आवळतात तो पट्टा. त्याची वादी आधीच तडकली होती. रंगाने तडा झाकला, बुजवला नाही.

म्हणून आज आम्ही खोगिराच्या रंगाविषयी बोलणार आहोत. हे काम अवघड नाही. पण त्याला क्रम आहे.

पहिले काम पाहणीचे. प्रत्येक वादी दुमडून बघा. तडा दिसला, चामड्याचा भुगा पडला, तर ती वादी बदला. टाके ओढून बघा. बकलाची भोके फाटली आहेत का, तेही बघा. हे झाल्याशिवाय रंगाच्या डब्याला हात लावू नका.

दुसरे काम सफाईचे. घाम, धूळ आणि जुने पॉलिश चामड्यावर बसलेले असते. त्यावर रंग धरत नाही. ओल्या फडक्याने, थोड्या साबणाने पुसा. सुकल्यावर स्पिरिटच्या चिंधीने जुने पॉलिश काढा. स्पिरिट लगेच पेटते. जवळ बिडी नको, चूल नको. मग खोगीर सावलीत वाळवा. उन्हात ठेवले तर चामडे कडक होते आणि तडकते.

तिसरे काम रंगाचे. फिक्यावर गडद रंग चढतो. गडदावर फिका चढत नाही. तांबड्याचे काळे होईल, काळ्याचे तांबडे होणार नाही. आधी न दिसणाऱ्या जागी थोडा लावून बघा. मग सुती चिंधीने पातळ हात द्या. एक वाळला की दुसरा. एकदम जाड थापला तर डाग पडतात. घोडीच्या अंगाला लागणारी खालची बाजू मात्र रंगवू नका. घामाने रंग सुटतो आणि मुक्या जनावराची कातडी हुळहुळते.

चौथे काम शेवटचे. एक दिवस वाळू द्या. कोरड्या फडक्याने घासा. फडक्याला रंग लागतो तोवर घासत राहा. नाहीतर नवरदेवाचा पांढरा पायजमा काळा होईल! मग चामड्याच्या तेलाचा हलका हात द्या आणि वरून मेणाचे पॉलिश करा.

तुम्ही म्हणाल, डबे नव्हते तेव्हा लोक काय करत? आपल्याकडे जिनगर होते. जीन म्हणजे खोगीर. ते करणारा तो जिनगर. पूर्वी चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावत. कोल्हापुरी चपलेचे चामडे आजही असेच कमावतात. अशा चामड्याला हिराकसाचे पाणी लावले की ते काळे पडते. हिराकसात लोखंडाचा अंश असतो. साल आणि हिरडा यांत तुरट रस असतो. दोघे भेटले की काळा रंग तयार होतो. तो वर बसत नाही, आत मुरतो.

गंमत अशी की हिरडा आणि हिराकस यांपासूनच जुन्या काळी शाई करत. म्हणजे ज्या मेळाने खोगीर काळे झाले, त्याच मेळाने अक्षरेही काळी झाली. पण हिराकस जास्त झाले तर चामडे पुढे ठिसूळ होते. म्हणून पाणी फिकेच ठेवावे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावे आणि तेल द्यावे. हिराकस पोटात गेले तर विषारी आहे. पोरांच्या हाती पडू देऊ नका. कारखान्यात क्रोमने कमावलेले चामडे या पाण्याने काळे होत नाही. त्याला डब्यातलाच रंग हवा.

आता तुम्हाला वाचता येते. रंगाच्या डब्यावर काय छापले आहे ते आधी वाचा. समजले नाही तर दुकानदाराला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

त्या घोडीवाल्याने आम्हाला जाता जाता विचारले, "मंग रंग देऊच नये का?"

आम्ही म्हणालो, "द्या की! आधी वादी बदला, मग रंग द्या."

नवी वादी थोड्या पैशांत येते. मोडलेला हात तेवढ्यात बसत नाही.