बारमाही रंगाचीं झुडपें

कोडोली हें कोल्हापूर जिल्ह्यांतील पन्हाळा तालुक्याचें मोठें गांव. जवळून वारणा वाहते, भोवतीं उसाचे मळे आहेत आणि पावसाळ्यांत सारा परिसर हिरवागार असतो. अशा गांवांत घरापुढील अंगणाला रंगाची वाण कां पडावी? पण गृहस्थ हौसेनें लावतो तीं बहुतेक फुलझाडें ऋतूचीं पाहुणीं असतात. गुलबक्षी पावसाळ्यांत फुलते, शेवंती थंडींत, मोगरा उन्हाळ्यांत. एकाचा बहर ओसरला आणि दुसऱ्याचा आला नाहीं, कीं अंगण ओकें दिसतें. पान मात्र घरच्या माणसासारखें बारमाही सोबत करतें. म्हणून ज्यास वर्षभर शोभा हवी, त्यानें आधीं पानांचा विचार करावा आणि मग फुलांचा.

पानाचा हिरवेपणा हरितद्रव्यामुळें असतो, आणि त्याच द्रव्याच्या योगानें झाड सूर्यप्रकाशांत आपलें अन्न तयार करतें. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांत हें द्रव्य कमी असतें. त्यामुळें असें झुडूप सावकाश वाढतें. त्यावर एखादी निव्वळ हिरवी फांदी फुटली, तर ती जोमानें वाढून इतरांस झांकून टाकते. अशी फांदी दिसतांच बुडापासून छाटावी.

या वर्गांत पहिला मान क्रोटनचा. मलाया द्वीपसमूह आणि पॅसिफिक बेटें हें त्याचें मूळस्थान. दाट सांवलींत त्याचीं नवीं पानें हिरवट निघतात, तर वैशाखांतील दुपारच्या उन्हांत पाण्यावांचून तीं माना टाकतात. यासाठीं सकाळचें ऊन मिळेल अशी घराच्या पूर्वेची जागा त्यास द्यावी. अकॅलिफाचीं तांबूस, तपकिरी पानें भर उन्हांत अधिक खुलतात. कुंपणालगत त्याची रांग शोभते. पावसाळ्यांत अकॅलिफाची पक्व काडी रोवली, कीं ती सहज जीव धरते. क्रोटनची गुटी बांधावी.

थंडीच्या दिवसांसाठीं लालपत्ती. तिचें जें तांबडें फूल म्हणतात, तें वस्तुतः फूल नव्हे. मधल्या बारीक पिवळसर फुलांभोवतींचीं तीं पानेंच होत. मेक्सिकोंतील हें झुडूप रात्र मोठी झाल्याखेरीज रंग धरत नाहीं. ओसरीवरील दिव्याचा उजेड रात्रभर तिच्यावर पडला, तर मार्गशीर्ष सरला तरी ती हिरवीच राहते. पावसाळ्यासाठीं मात्र परदेशाकडे पाहण्याचें कारण नाहीं. सह्याद्रीच्या रानांत भूतकेस नांवाचें झुडूप आहे. त्याच्या नारिंगी फुलाच्या बाहेरच्या वेढ्यांतील एक दल पानाएवढें मोठें व पांढरेंशुभ्र होतें, आणि हिरव्या गर्दींत तें दुरूनही उठून दिसतें.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. नदी जवळ असली, तरी अंगणांतील झाडांच्या वांट्यास येणारें पाणी मोजकेंच. तेव्हां दहा झुडपें लावून निम्मीं वाळूं देण्यापेक्षां तीन-चारच लावावीं, बुडाशीं उसाच्या पाचटाचें आच्छादन घालावें आणि संध्याकाळीं पाणी द्यावें. काळ्या जमिनींत पावसाचें पाणी सांचतें, म्हणून झुडूप थोड्या उंचवट्यावर असावें.

शोभेच्या मोहांत दोन गोष्टी विसरूं नयेत. क्रोटन व लालपत्ती यांचा चीक कातडीस लागल्यास खाज सुटूं शकते. म्हणून तीं मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि गुरांच्या दावणीपासून दूर असावीं. दुसरी गोष्ट घाणेरीची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बागेची शोभा म्हणूनच ती भारतांत आणली गेली. पक्ष्यांनीं तिचें बीं पसरविलें, आणि आज तिनें रानेंच्या रानें व्यापिलीं आहेत. परकें झाड अंगणांत आणतांना तें अंगणांतच राहील ना, हें आधीं पाहावें.

थोडीं झुडपें, योग्य जागा आणि वेळेवर छाटणी, एवढें साधलें, तर फुलें असोत वा नसोत, कोडोलीच्या अंगणांत कोणत्याही महिन्यांत आलेला पाहुणा दारांतच क्षणभर थांबेल.